विनोदाआधीचं हसू

जुन्या अमेरिकन विनोदी मालिकांचा नाद मला नातीमुळे लागला. तिला शाळेत प्रोजेक्ट होतं, त्या मालिका कशा बनल्या यावर. सिंगापूरला, हौगांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी आम्ही दोघी सोफ्यावर. चित्र काळंपांढरं, इंग्रजी भराभर. मला निम्मं कळायचं, पण हसायला कुठे सगळं कळावं लागतं?

नात माहिती काढायची आणि मला सांगायची. यातले बरेचसे नट आधी स्टेजवर, रेडिओवर घासूनपुसून तयार झालेले. काही मालिका खरोखरच प्रेक्षकांना समोर बसवून चित्रित करायचे. लोक हसले की नट थांबायचे, हसणं ओसरलं की मगच पुढचं वाक्य. आणि जिथे प्रेक्षक नसत तिथे, म्हणे, टाइपरायटरसारख्या कळांचं एक यंत्र होतं. कळ दाबली की हशा! कुणाकुणाचं साठवून ठेवलेलं हसू.

"आजी, दॅट मीन्स हसणारे पीपल आता डेड असतील," नात म्हणाली.

मी उठून चहा ठेवायला गेले. चहा नको होता खरं तर.

आमचे हे गेल्या वर्षी गेले. त्याआधी इथल्या मंडळाच्या गणपतीत मी एक प्रवेश केला होता. पुण्याहून नुकती आलेली सासू. मुलगा तिला घर दाखवतो, आणि इथल्या नव्या फ्लॅटांत असते त्या बॉम्ब शेल्टरच्या खोलीचं जाडजूड लोखंडी दार बघून ती विचारते, "एवढं भक्कम दार? मग सूनबाई चिडली की आत मी बसायचं, की तिला बसवायचं?" घरी तालीम घ्यायला हेच. मुलगाही हेच, सूनही हेच. त्यामुळे कार्यक्रमाच्या दिवशी पंचाईत झाली. मी नुसता दारावर हात ठेवला आणि पहिल्या रांगेतून हे हसले. वाक्य अजून माझ्या तोंडातच! सगळा हॉल वळून बघायला लागला. घरी येताना मी म्हटलं, "अहो, जरा दम धरायचा." तर म्हणाले, "मला पुढचं माहीत होतं ना!"

त्या प्रवेशाचा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये होता. हे गेल्यावर मी तो कधी बघायचे ते कुणाला सांगितलं नाही. नातीने प्रोजेक्टसाठी मागितला, मी फोनच तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत गेल्यावर लावून बघितला, तर हशाच नाही. मी दारावर हात ठेवते आणि गप्प उभी राहते. वाक्य म्हणते, परत गप्प. जशी काही वाक्य विसरलेली बाई. सगळं कसं स्वच्छ, धुवून काढल्यासारखं.

फोन उलटापालटा केला. जुना व्हिडिओ नव्हता. शाळेत मुलांचे फोन काढून घेतात, म्हणजे तिला विचारायची सोय नाही. मुलाला ऑफिसात फोन लावला, चांगीला.

"आई, काय झालं? पडलीस का?"

"नाही रे. बाबांचं हसू गेलंय."

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये आहे गं. घरी आलो की बघतो, हं?"

मग माझं बूड काही टेकेना. भाजी चिरायला घेतली, तशीच ठेवली. खाली बाजारात गेले, काय आणायचं ते आठवेना, कोथिंबीर घेऊन आले. घरी आले तर ओट्यावर कोथिंबिरीची जुडी होतीच. पुन्हा फोन लावून बघितला, जणू मधल्या वेळात हसू परत आलं असेल. शेवटी सरळ एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनवर जाऊन उभी राहिले.

नात बाहेर पडली आणि मला बघून घाबरलीच. "आजी! व्हाय आर यू हिअर?"

"आजोबांचं हसणं काय केलंस?"

"हसणं? ओह, दॅट नॉइज? डायलॉग क्लिअर यायला रिमूव्ह केलं लाह. तुझा फोन फुल होता, म्हणून ओल्डवालं डिलीट केलं." माझा चेहरा बघून ती थांबली. "आजी, वेट. लॅपटॉपवर आहे. वेगळं काढून ठेवलंय."

रस्ताभर मी पुढे आणि ती मागे. "आजी, स्लो लाह!" वाक्यामागे हे 'लाह' लावायची इथल्या मुलांची सवयच.

घरी तिने लॅपटॉप उघडला. कंप्युटर म्हणे बोलणं एका बाजूला काढतो आणि हशा एका बाजूला. तिने नुसता हशा लावला. आधी खुर्च्यांची कुरकुर, कुणाचा खोकला. मग एकटेच हे.

"हा एक माणूस ऑलवेज अर्ली हसतो," नात म्हणाली. "मला वाटलं रेकॉर्डिंग मिस्टेक आहे. हे आजोबा आहेत?"

"त्यांना पुढचं माहीत होतं."

तिने मागे नेऊन पुन्हा लावलं. कुरकुर, खोकला. मी उठले, आमच्याच बॉम्ब शेल्टरच्या दारावर हात ठेवला. हे हसले. मी वाक्य म्हटलं, अख्खं. मग हॉल हसला, आणि मला कुठला धीर, मी लगेच पुढच्या वाक्यासाठी तोंड उघडलं.

नातीने हात वर केला.

"आजी, थांब लाह. हसू दे त्यांना."