झडतीवाली धुरपदाबाई

सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या धुरपदाबाईला कुणी फुकट चहा पाजला, तरी ती आधी कपात नीट बघून घ्यायची. त्र्याहत्तर साली तिच्या नवऱ्याचा, हिलालभाऊचा, हात मागात सापडून चेंगरला आणि तो घरी बसला. आता दुसरी मिळकत झाली नाही तर बिऱ्हाड उचलून गावी जायचं, असं त्याने सांगून टाकलं. त्याच सुमारास एका मिलच्या दरवाजावर कामगार बायकांची झडती घ्यायला बाई हवी, अशी बातमी आली. बातमी आणली शेजारच्या केशरबाईने. ती त्याच मिलमध्ये सुताच्या बॉबिन भरायची, मीही तिथेच होते.

केशरबाई बातमी देऊन थांबली नाही. रोज संध्याकाळी ती उलट्या बादलीवर शेठ होऊन बसायची, गुजरातीत प्रश्न विचारायची आणि धुरपदाबाईकडून उत्तरं घोकून घ्यायची.

"यामा तुना काय फायदा शे?" धुरपदाबाईने एकदा तोंडावरच विचारलं.

"तू पह्यले पाठ कर," केशरबाई हसली.

झालं! हिचा संशय बळावला. स्वतःच्या सुनेला चिकटवायचं असेल, म्हणून मुद्दाम चुकीचं शिकवत असेल. शिकलेलं प्रत्येक वाक्य ती दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या गुजरातणीकडून तपासून घ्यायची. ते बरोबर निघालं की तिला वाटायचं, या दोघी आतून मिळालेल्या आहेत. धन्य ती बाई!

मुलाखतीत शेठने विचारलं, "ओळखीती बाई आवे तो?"

"पहेलां एने ज जोईश." आधी तिलाच बघेन. हे केशरबाईने शिकवलं नव्हतं, हे हिच्या पोटातलं होतं. शेठ खूश झाला आणि नोकरी पक्की झाली.

पहिल्याच संध्याकाळी पाळी सुटल्यावर केशरबाई आपणहून पुढे झाली आणि पडद्याआड हात वर करून उभी राहिली. तिच्या मागे मी होते. धुरपदाबाईने डबा उघडला, पदर झटकला, कमरेची गाठ चाचपली. काही नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एवढं शिकवलं त्यामागे काहीतरी असणारच. निदान एखादी बॉबिन तरी सापडावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

"आधीनी बाईना हात नको तठे फिरे," केशरबाई हळूच म्हणाली. "परका हात नको व्हता माले. म्हनीसन तुले शिकाडं."

धुरपदाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिचे हात अजून गाठ चाचपतच होते.