लाल चौकोनातला इतवारी

घुग्घुसजवळच्या एका खाजगी कोळसा डेपोत इतवारी मडावी बारा वर्षं चौकीदार होता, तोही कंत्राटी. त्याची खरी ड्यूटी दुपारी चारची. जंगलातून सरपण आणणाऱ्या बाया डेपोच्या मैदानातून आडवाटेनं घरी जायच्या. इतवारी शिट्टी फुंकायचा, कोळसा उचलणारा लोडर थांबायचा, बाया पार झाल्या की हा हात हलवायचा. असला नियम कुठे लिहिलेला नव्हता.

२००८ साली कॅमेरे आले. तारा मी ओढल्या. मी आरिफ, वायरमन. कॅमेऱ्यातलं चित्र कॉम्प्युटर स्वतःच तपासणार, माणूस दिसला की त्याच्याभोवती लाल चौकोन काढणार आणि मैदानातला लाल दिवा पेटवणार. दिवा पेटला की लोडरनं थांबायचं. म्हणजे चौकीदाराची गरजच संपली. पण डेपोच्या साहेबानं इतवारीला शब्द दिला होता: ट्रायल पास झाली तर कंट्रोल रूममध्ये कायम नोकरी. तोवर शिट्टी बंद, मैदानात पाय ठेवायचा नाही.

माणूस कसा दिसतो हे मशीनला शिकवायला साहेबानं इतवारीलाच दोन दिवस कॅमेऱ्यासमोर चालवलं. हा पठ्ठ्या इस्त्रीचा युनिफॉर्म घालून आला! आमच्याकडे डोक्यावर नाहीतर खांद्यावर काही असल्याशिवाय कोण चालतं? पण फोटो निघणार म्हटल्यावर यानं डबासुद्धा खाली ठेवला आणि मोकळ्या हातांनी, छाती काढून चालला. मशीननं धडा पक्का केला: माणूस म्हणजे उभा, सडपातळ, हलणारा. साहेबाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

ट्रायलच्या पहिल्याच दिवशी चारला बाया आल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर आडवी मोळी, उंचीपेक्षा रुंद. मी खांबाशी उभा राहून दिव्याकडे बघत होतो. दिवा पेटेना. लोडर रिव्हर्समध्ये बायांकडे येत होता आणि सर्वांत शेवटी रुखमाबाई, जिला कमी ऐकू येतं. मला सगळं दिसत होतं. आता पेटेल, आता पेटेल, म्हणत मी बघतच राहिलो.

इतवारी गेटवरून शिट्टी फुंकत धावत सुटला. दिवा पेटला, तो त्याच्यामुळे. लोडर रुखमाबाईपासून दोन हातांवर थांबला. ती उलट त्याच्यावरच करवादली, "कुठी होतास गा भाऊ? शिट्टी काऊन नाई वाजवली आधी?"

साहेबानं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर अकरा बाया आणि लाल चौकोन एकच, धावणाऱ्या इतवारीभोवती.

"मैदानात यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?" साहेब म्हणाला. "ट्रायलची वाट लावलीस."

"साहेब, मी मानूस दिसलो तुमच्या मशीनले," इतवारी म्हणाला. "ह्या बाया मानसं नाईत काय?"

साहेबानं रेकॉर्डिंग बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून इतवारीचं काम बंद झालं. कायम नोकरी गेली, होती तीही गेली. आता तो राजुऱ्याच्या बाजारात सायकलस्टँड सांभाळतो. मी भेटलो की चहा पाजतो, आणि त्याची मला जास्तच लाज वाटते.

कारण त्या चित्रात मीही होतो, खांबाशी, स्पष्ट दिसत होतो. मी साहेबाला विचारलं होतं, "माझ्याभोवती चौकोन का नाही आला?"

"तू जागचा हललाच नाहीस," तो म्हणाला. "जो हलत नाही, त्याला मशीन माणसात धरत नाही."

मशीनची तेवढी एक गोष्ट मला पटली.