बिनचेहऱ्याचा हात

देऊळघाटात सिंधूताईकडे बांगड्या भरायला गेलात तर ती आधी माप विचारत नाही की रंग विचारत नाही. समोर बसवते, तुमचा हात आपल्या मांडीवरच्या फडक्यावर घेते, अंगठ्याच्या बुडाशी दोन बोटं दाबते आणि म्हणते, "काय व, सासू बरी हाये का?" झालं! बाई बोलायला लागली की हात सैल पडतो, आणि काचेची बांगडी हाडावरून कधी उतरली ते तिला कळतसुद्धा नाही. सिंधूताईची विद्या ती एवढीच. तिच्या सासूनं तिला शिकवून ठेवलं होतं की साबणाचं पाणी वरवरचं, बाईचा हात खरा सुटतो तो मनातलं बोलल्यावर. मनात एक आणि तोंडात एक असलं की अंगठा ताठच राहतो. अशा हातावर जोर केला की बांगडी वाढते. फुटली असं तिच्या घरात कोणी म्हणत नाही, बांगडी वाढते.

आता एवढ्या बायका उभ्या जन्मात तिच्या फडक्यावर हात ठेवून बसल्या, म्हणजे गावातलं काय काय तिच्या कानात साठलं असेल! कोणाचा नवरा काय करतो, कोणाला पोरगी नको होती, कोण माहेरी जाते म्हणून सांगून दवाखान्यात जाऊन आली. एरवी सिंधूताई काही मुकी बाई नव्हे. भाजीवाल्याशी भांडेल, एसटीच्या कंडक्टरला आडव्या हातानं घेईल, स्वतःच्या पोराची उणीदुणी चारचौघांत काढेल. पण फडक्यावरची गोठ तिनं कधी कोणाला सांगितली नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची, अन् ह्या मुठी तं माह्या हातात असतात," असं ती म्हणायची. त्याचा तिला गर्वही होता. का नसावा?

मग तिच्या सुनेनं, अनुपमानं, तिला मोठ्या काचेचा मोबाईल घेऊन दिला. अनुपमाचा हेतू चांगलाच होता. तिनं सासूला शिकवलं, "आई, बांगड्या भरल्या का हाताचा फोटो काढा अन् स्टेटसले टाका. लोकाइले दिसन तं लोकं येतीन." सिंधूताईनं आधी नाक मुरडलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणाली. पण एकदा टाकून पाहिला, आणि बुलढाण्याहून एका नवरीच्या आईचा फोन आला. मग काय विचारता! बाई सकाळी चहाच्या आधी स्टेटस पाहायला लागली. किती जणींनी पाहिलं, कोणी बदाम पाठवला, सगळं अनुपमाला वाचून दाखवायची. जे कधी आयुष्यात कोणाकडे शाबासकी मागायला गेलं नाही, त्या माणसाला म्हातारपणी हे असं मिळालं की ते लहान पोरासारखंच हरखतं.

चेहरा मात्र ती घ्यायची नाही. "हाताले कुठं तोंड असते? कोनाचा हात ते कोनाले समजते?" असं तिचं म्हणणं. आणि हे कोण म्हणत होतं, तर जी बाई डोळे मिटून नुसता हात हातात घेतला तरी गावातल्या कोणत्याही बाईचं नाव सांगेल ती! पण ते तिच्या ध्यानात आलं नाही. आपलं रोजचं काम माणसाला काम वाटतच नाही.

एका दुपारी पुष्पांजली आली. शालूबाईची थोरली सून. नवरा प्रेमानंद मोटारसायकलवरून पडून गेला, त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. तेव्हापासून पोरीला, छकुलीला घेऊन ती सासरीच राहत होती, शेतात राबत होती, आणि सासूशी तिचं बरं चाललं होतं. ती दारात उभी राहिली आणि पदराला चाळा करत म्हणाली, "मावशी, मले भरून देता का?"

सिंधूताईची नजर तिच्या मोकळ्या मनगटांवर गेली. मग म्हणाली, "बैस."

हात लाकडासारखा होता. सिंधूताईनं घाई केली नाही. पोरीचं विचारलं, सोयाबीनचं विचारलं. आणि मग पुष्पांजली आपणहून बोलली. "मावशी, भाकरी थापते तं हाताचा आवाजच येत नाही वो. नुसतं पीठ वाजते. मले वाटते आपन घरात हावोच का नाही." आणि रडली. नवऱ्यासाठी नाही हं, ती म्हणाली, त्याच्यासाठी खूप रडून झालं. हे स्वतःसाठी. आत्याबाई शेतात गेल्या की घालीन, यायच्या आत काढीन, त्यांच्या जिवाला लागायला नको. सिंधूताईनं मोरपंखी काचेच्या काढल्या, एक माप मोठ्या, म्हणजे घालता-काढता याव्यात. हात तोवर असा सुटला होता की मापाच्यासुद्धा सरसर चढल्या असत्या.

"हात असाच धर," सिंधूताई म्हणाली आणि सवयीनं फोटो काढला. दोघींनी मिळून तो पाहिला. उन्हात मोरपंखी काच अशी काही खुलली होती की पुष्पांजली हसली. "तुमच्यापाशीच ठेवा बरं," ती म्हणाली. उठताना तिनं रिवाजाप्रमाणे सिंधूताईला वाकून नमस्कार केला. भरणारीला नमस्कार करायचा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूताई चहा घेत फोटो चाळत होती. त्यात तो हात आला. इतका सुंदर हात तिनं वर्षात भरला नव्हता. पुष्पांजलीचं बोलणं ती विसरली नव्हती, हे आधी सांगून टाकतो, उगाच तिची बाजू घ्यायची नाही. पण तिला वाटलं, नाव नाही, तोंड नाही, कोणाला काय कळणार? आणि टाकला.

माय माय! सूर्य कासराभर वर यायच्या आत गावाला कळलं. पुष्पांजलीच्या मनगटावर विळ्याची कोयरीएवढी खूण आहे. सोयाबीन सोंगताना लागला होता, आणि अर्ध्या आळीनं तिला उचलून दवाखान्यात नेलं होतं. ज्या बायका तिच्याबरोबर वावरात वाकल्या, पापड लाटायला बसल्या, त्यांना तो हात ओळखायला चेहरा कशाला हवा होता? कोणीतरी तो फोटो बचत गटाच्या ग्रुपवर टाकला. खाली कोणी नुसते डोळे मोठे केलेले चेहरे टाकले. एकीनं लिहिलं, "कोनासाठी भरल्या असतीन?" जिभेला हाड नसतं म्हणतात, बोटाला असतं, तरी ते जिभेच्या वरताण निघालं. संध्याकाळपर्यंत पुष्पांजलीचं बुलढाण्यात कोणाशी तरी जमलंय इथवर गोठ गेली.

सिंधूताईनं स्टेटस पुसला. पण अनुपमानं मान खाली घालून सांगितलं, "आई, आपल्यापासचा गेला. लोकाइपासचा नाही जात." सिंधूताईला ते कितीतरी वेळ उमजेना. तिच्या धंद्यात वाढलेली बांगडी गोळा करून टाकता येते.

तिकडे शालूबाईच्या घरात धाकटा मुलगा भागवत तापला. त्यानं वहिनीला सांगून टाकलं, रोहिणखेडला माहेरी जाऊन राहा, आणि पोरगी आमची, ती इथंच राहील. शालूबाई काही बोलली नाही. तिचं ते न बोलणंच पुष्पांजलीला जास्त लागलं. रविवारी माहेरचा भाऊ न्यायला येणार, असं ठरलं.

त्या आठवड्यात सिंधूताईकडे बायका आल्या, नाही असं नाही. पण यायच्या आणि आधी इकडेतिकडे बघायच्या, मोबाईल कुठं ठेवलाय ते. "सासू बरी हाये का?" विचारलं की, "हाव, बरी हाये." पोरं? "बरी हायेत." सगळं बरंच! आणि हात ताठ. सिंधूताईनं दाबावं, चोळावं, साबण लावावा, अंगठा काही वाकेना. बांगड्यांमागून बांगड्या वाढल्या. एका म्हातारीच्या हातातून रक्त आलं, तेव्हा ती म्हातारी नुसती म्हणाली, "राहू दे सिंधू. फोटोले बरं नाही दिसनार." सिंधूताई घरात गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

शनिवारी दुपारी तिनं बांगड्यांची पेटी उचलली. अनुपमा म्हणाली, "आई, भागवत भाऊ काही बोलला तं?"

"बोलू दे. मी ऐकाचंच काम केलं हाये."

मोबाईल तिनं फळीवर ठेवला आणि निघाली.

शालूबाई ओसरीवर गहू निवडत होती. भागवत दारातच आडवा आला. "काकू, तुम्ही कायले आल्या? आमची इज्जत तं टांगली वेशीवर."

"मीच टांगली," सिंधूताई म्हणाली. "तुह्या वहिनीनं नाही. तिनं स्वतःसाठी बांगड्या भरल्या, दुसऱ्या कोनासाठी नाही. फोटो मी टाकला, तिले न इचारता. ती म्हने, तुमच्यापाशीच ठेवा. मी नाही ठेवला. गावात इचारतीन त्याले हे असंच सांग, माह्यं नाव घेऊन."

भागवतला वाटलं होतं बाई सारवासारव करेल. तो दारातून जरा सरकला. सिंधूताई त्याच्या बाजूनं ओसरीवर चढली, शालूबाईसमोर बसली, फडकं मांडीवर पसरलं आणि म्हणाली, "हात दे."

शालूबाईच्या लग्नाचा चुडा सिंधूताईच्या सासूनं भरला होता, आणि त्यानंतरचा प्रत्येक सण सिंधूताईनं. तरी शालूबाईनं हात चटकन दिला नाही. दिला तेव्हा तो दगड होता. सिंधूताईनं अंगठ्याच्या बुडाशी बोटं ठेवली, आणि या वेळी काही विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण घालवलाय हे तिला कळत होतं. नुसती धरून बसली.

शेवटी शालूबाईच बोलली. "तिच्या बांगड्या म्या काढल्या होत्या, सिंधू. ह्या हातानं. बायका म्हने, सासूनंच काढा लागते." मग म्हणाली, "पोरगं माह्यं गेलं अन् मी चुडा भरून फिरतो. ती भाकर वाढाले लागली का मले माह्या बांगड्या टोचतात. वाजू नाही म्हनून मी हात असा धरून जेवतो." तिनं कोपर पोटाशी दाबून दाखवलं. "अन् तिनं मले नाही सांगतलं. तुले सांगतलं. मले मोबाईलवर कळलं."

"तुह्या जिवाले लागन म्हनून नाही सांगतलं तिनं."

"अन् तिच्या जिवाले लागन म्हनून म्या नाही इचारलं," शालूबाई म्हणाली, आणि मोठ्यानं रडली. हात सिंधूताईच्या बोटांत मेणासारखा मऊ झाला. पण सिंधूताईनं पेटी उघडली नाही.

दाराआड पुष्पांजली उभी होती. तिची पिशवी भरून कोनाड्यात ठेवलेली दिसत होती. शालूबाईनं डोळे पुसले आणि हाक मारली, "पुष्पा, इकडं ये. सिंधू, मोरपंखी हायेत का तुह्यापाशी?"

सिंधूताईनं काढल्या. तशाच, एक माप मोठ्या. शालूबाईनं एक उचलून पाहिली, स्वतःच्या बोटावर फिरवली. "ह्या ढिल्या हायेत. मापाच्या दे. निंघाले नाही पाह्यजेत."

भागवत म्हणाला, "आई, गाव काय म्हनन?"

"गावानं पाह्यलं ना बे मोबाईलात? मंग आता उघड्या डोयानं पाहीन. अन् तिच्या भावाले फोन लाव, जेवाले ये म्हना, न्याले नको येऊ." ती असं बोलली की तो फोन काढत अंगणात गेला.

पुष्पांजली बसली. सिंधूताईनं फडकं सरकवलं. पण पुष्पांजलीनं हात तिच्याकडे केलाच नाही. तो तिनं सासूपुढं धरला.

शालूबाईला भरायचं काय ठाऊक? तिनं साबणाचं पाणी मागवलं, अंगठा चुकीच्या जागी दाबला. सिंधूताईच्या जिभेवर आलं होतं, तिथं नाही, खाली, हाडाच्या खाली दाब. ती बोलली नाही. बोलायची गरजही पडली नाही, कारण पुष्पांजलीचा हात पार सुटला होता. शालूबाईच्या अडाणी बोटांतूनसुद्धा मापाच्या बांगड्या एकेक करून चढल्या, एकही वाढली नाही. सिंधूताई आपले मोकळे हात फडक्यावर ठेवून बघत राहिली.

भरून झाल्यावर पुष्पांजलीनं सासूला वाकून नमस्कार केला. मग सिंधूताईकडे वळून म्हणाली, "मावशी, फोटो नाही काढत?"

सिंधूताई म्हणाली, "चुकली मी, माय." पुष्पांजलीनं साबणाच्या पाण्याचं भांडं उचललं. ती चहा टाकायला आत गेली, आणि चुलीपाशी बांगड्या वाजल्या.

सिंधूताईच्या ओसरीवर आता एक दुरडी असते. आत येणारी बाई तिच्यात मोबाईल ठेवते, आणि पहिला मोबाईल सिंधूताईचा असतो. स्टेटसवर हल्ली रिकाम्या बांगड्यांचे फोटो येतात, हात नसलेले, बदामही कमी येतात. बायका हळूहळू पुन्हा बोलायला लागल्या. काही जणी अजून नाही बोलत.

पुष्पांजली सणाला बांगड्या तिच्याकडूनच नेते. सिंधूताई माप न विचारता बरोब्बर काढून देते, आणि पुष्पांजली त्या कागदात गुंडाळून सासूकडे भरायला घेऊन जाते.