पत्रे ओले करून कापावेत

सोवळ्याचं निमित्त पुढे करून मी बरीच वर्षं स्वतःला सोडवून घेतलं. ते खरं नव्हे. मला त्या दिवशी कामाचा वैताग आला होता आणि त्या माणसाला थांबवून ठेवण्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. आधी हे लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कड घेणार नाही.

आमचे हे तमिळ मुलुखातल्या कुंभकोणमच्या नगरपालिकेत ओव्हरसियर होते. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. एका उन्हाळ्यात बाजारामागची नारळाच्या झावळ्यांची छपरं एकामागून एक पेटत गेली. मग हुकूम निघाला की गावात झावळ्यांचं छप्पर नको, आणि जिकडेतिकडे ॲस्बेस्टॉसचे पत्रे आले. पेटत नाहीत, वाळवी लागत नाही, दरवर्षी बदलायची कटकट नाही. लोक खूश झाले. मीही झाले, खोटं कशाला बोलू!

ते पत्रे मापात कापून बसवणारा एकच कसबी माणूस गावात होता. तमिळ माणूस, वय पस्तिशीच्या आतबाहेर, दारासुरमच्या वाटेवर राहायचा. करवत चालू झाली की राखेसारखी बारीक पूड उडायची आणि दुपारपर्यंत त्याच्या भिवया म्हाताऱ्यासारख्या पांढऱ्या व्हायच्या. त्याला खोकला लागला आणि तो मिशनच्या दवाखान्यात गेला. तिथल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं आणि यांना निरोप धाडून बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, हा क्षय नाही, ही त्या धुळीची करणी आहे. विलायतेत कारखान्यांना या धुळीसाठी कायदा लागू झालाय, इथे कुणाला पत्ता नाही. पत्रा भिजवून कापला तर धूळ उडत नाही. आत्ता जपलंत तर हा माणूस निभेल, नाहीतर चार-पाच वर्षांत त्याला जिना चढवणार नाही.

हे घरी आले ते झपाटल्यासारखे. महिनाभर त्यांनी सभासदांचे उंबरे झिजवले. पत्रे विकणारा व्यापारी आडवा आला, असल्या नियमानं गिऱ्हाईक भितं म्हणाला. शेवटी घरदुरुस्तीच्या परवान्यावर एक ओळ छापायचं ठरलं: पत्रे ओले करून कापावेत आणि त्यासाठी पाणी घरमालकाने द्यावे. हे दुसरं वाक्य यांनी मुद्दाम घातलं होतं, कारण त्या माणसाला आमच्या गल्लीतल्या एकाही विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. घरमालकानं वरून ओतलं तरच त्याच्या डब्यात पाणी पडणार. सभेनं सांगितलं, सहा महिने बघू, मग तुम्ही अहवाल द्या, त्यावरून नियम ठेवायचा की काढायचा ते ठरवू.

"आता पत्र्यांना अभ्यंगस्नान घालायचं का?" म्हणून मी यांची थट्टा केली. हे हसले नाहीत. "एक माणूस जगतो त्यानं," एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले.

सहा महिने संपत आले होते. आमच्या मागच्या अंगणातल्या चुलीवरचं झावळ्यांचं छप्पर हुकुमाप्रमाणे उतरवलेलं होतं आणि सासऱ्यांचं श्राद्ध तोंडावर आलं. श्राद्धाचा स्वयंपाक त्याच चुलीवर व्हायचा. पत्रे यायला उशीर झाला, म्हणून तो माणूस नेमका श्राद्धाच्या दिवशी सकाळी कापायला आला. हे ब्राह्मणांना आणायला निघाले, जाताना मला दोनदा बजावून गेले. "त्याला आधी दोन घागरी पाणी दे. मग तुझं काय ते सुरू कर."

"देते हो, मी काय बहिरी आहे?" मी म्हटलं.

मी न्हाऊन ओलेत्यानं सोवळं नेसले होते. त्याच्या डब्यात पाणी ओतताना एक शिंतोडा उडाला असता तरी मला परत डोक्यावरून पाणी घ्यावं लागलं असतं. वडे, खीर, चार भाज्या, सगळ्याची तयारी एकटीच्या अंगावर, ती मी आत करत होते. तो मागच्या दाराबाहेर डबा घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अम्मा, पाणी." मी म्हटलं, थांब. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला. मी पुन्हा थांब म्हटलं. तिसऱ्यांदा त्यानं हाक मारली तेव्हा मी उत्तरच दिलं नाही. विहीर माझ्यापासून दहा पावलांवर होती. त्यानं वाट तरी किती बघायची? ब्राह्मण येण्याआधी चूल झाकून द्यायची होती. त्यानं डबा खाली ठेवला, धोतराचा सोगा नाकाला बांधला आणि करवत चालवली.

आणि मी काय करावं? वाळत घातलेल्या सोवळ्यावर धूळ बसली म्हणून बाहेर येऊन त्याच्यावरच खेकसले! खोकला आवरत कपडे वाळत घातलेल्या काठीपासून तो लांब सरकला.

हे ब्राह्मणांना घेऊन आले तेव्हा अंगण करडं झालं होतं, तुळशीची पानंसुद्धा. यांचा चेहरा उतरला. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "पाणी दिलं नाहीस?"

ओसरीवर ब्राह्मण बसलेले, यांचा राग मला ठाऊक. माझ्या तोंडून निघून गेलं, "दिलं होतं की! त्यानंच वापरलं नाही."

हे तडक त्याच्याकडे गेले. मी दारातच होते. "पाणी दिलेलं असताना कोरडं का कापलंस?" यांनी तमिळमध्ये विचारलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी तोंडात मूग धरून उभी. मग तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं सामी. घाई होती."

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. एका सकाळच्या धुळीनं माणूस मरत नाही, हे मलाही कळतं. पण आमचे हे पडले हरिश्चंद्राचे अवतार. पंधरा दिवसांनी अहवाल लिहायला बसले आणि त्यात आमच्याच घरची गोष्ट घातली. घरमालकाने पाणी दिले असतानाही कारागिराने पत्रे कोरडे कापले, असं मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "आपल्या घरचं कशाला लिहिता? हात दाखवून अवलक्षण." तर म्हणाले, "दुसऱ्यांच्या घरचं लिहायचं आणि आपलं झाकायचं?" तेव्हा बोलले असते तर ते एक वाक्य खोडता आलं असतं. दौत समोर होती, लेखणी समोर होती. मी ताक वाढलं आणि आत गेले. भीती होती, आणि त्याहून जास्त माझा ताठा होता.

सभेत व्यापाऱ्याला तेवढंच हवं होतं. ओव्हरसियरच्या घरी पाणी मिळूनही हे लोक पाळत नाहीत, मग नियम कुणासाठी? परवान्यावरची ओळ गेली. यांनी खूप वाद घातला, पण पुरावा यांचाच होता. त्या माणसाचा यांना इतका राग आला की रस्त्यात भेटला तरी बोलेनात. "त्याच्यासाठी मी जिवाचं रान केलं," म्हणायचे, आणि मी ऐकून घ्यायची.

पुढे तीन-चार वर्षं तो गावभर कोरडेच पत्रे कापत राहिला. शाळेवर, गिरणीवर, दुकानांवर. दर थोड्या पावलांवर एखाद्या ओट्याला टेकायचा. तो गल्लीत शिरला की आधी खोकला ऐकू यायचा आणि मी मागच्या अंगणात निघून जायची. मग तो यायचा बंद झाला. डॉक्टरीणबाई एकदा देवळाच्या तळ्यापाशी यांना भेटल्या आणि म्हणाल्या, आता माझ्या हातात काही नाही.

त्या दिवशी यांना जेवण गेलं नाही. पानावर बसून म्हणाले, "मूर्ख माणूस. दोन घागरी पाण्याचा आळस केला." ते मात्र मला सोसवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. हे ओरडले असते तर बरं झालं असतं. पानाला नमस्कार करून उठले, हात धुतले. "मला सांगून काय उपयोग?" म्हणाले. "त्याला जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी घोड्याचा जटका भाड्यानं करून मी दारासुरमच्या वाटेवर त्याच्या घरी गेले. तो भिंतीला टेकून बसला होता, आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा म्हणून. अंगात नुसती हाडं. त्याच्या बायकोनं विचारलं, या कोण? तो म्हणाला, ओव्हरसियर सामींच्या घरच्या. मी उंबऱ्याच्या आत जाऊन बसले आणि त्याच्या बायकोसमोर सगळं बोलले. पाणी दिलं नाही, वर खोटं बोलले, त्या खोट्यानं तुझा नियम गेला. माझं चुकलं. मी ढसाढसा रडले.

तो ऐकत होता. मग एकेक शब्द तोडून म्हणाला, "अम्मा, त्या दिवशी सामींनी विचारलं तेव्हा मी तुमच्याकडे बघत होतो. वाटलं, तुम्ही बोलाल." तो थांबला, दोनदा श्वास घेतला. "आता रागवायचं म्हटलं तरी मला तेवढं बोलवत नाही."

त्याला खोकल्याची उबळ आली. बायकोनं त्याची पाठ धरली आणि माझ्याकडे न बघता मला जायला सांगितलं.