सोळा इंचांची पायरी

"उचलून न्यायले मी काय गणपती आहो काय?"

वानखडे मॅडमचा हा सवाल ऐकून, त्यांना खुर्चीसकट स्टेजवर चढवायला निघालेले चार कार्यकर्ते जागीच थांबले.

गाव दर्यापूर. एका समाजसुधारकाची जयंती. विषय, स्त्रियांच्या कल्याणाविषयी त्यांचे विचार. वक्त्या, सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका वानखडे मॅडम. आणि अकोल्याहून आलेलं मंडप-डेकोरेशन माझं.

स्टेज चार फूट उंच. त्याच्या पुढच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत मी फ्लेक्स ताणला होता. त्यावर सुधारकांचं म्हणणं होतं: बाईवर उपकार नकोत, तिच्या वाटेतला अडथळा काढा. ही अक्षरं पायऱ्यांमागे झाकली जाऊ नयेत म्हणून मी डोकं लावलं. कोपऱ्यात फक्त दोन पायऱ्या दिल्या. एका पायरीच्या चढाला आम्ही राइज म्हणतो. तो सहा-सात इंच ठेवतात. माझा भरला सोळा.

"कोनाच्या मापाच्या केल्या रे ह्या?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या, मॅडम. मी तर टनाटन चढतो."

"पँटीत चढतं कोनीबी. लुगड्यात चढून दाखव."

समोरच्या बाया खुसखुसल्या. अध्यक्षांनी मला बाजूला ओढलं. "मॅडम तशाच वापस गेल्या, त पुढच्या वर्षी इकडे दिसू नको."

आता आली पंचाईत. स्टेजखालचा लोखंडी सांगाडा झाकायला आम्ही चुण्यांचं सॅटिन लावतो, ती झालर. उरलेली झालर मी लुगड्यासारखी कमरेला गुंडाळली. पहिली पायरी जमली. दुसरीवर पाय टाकला, तो झालरीवरच. तोल गेला आणि सुधारकांचे विचार टरकावत मी थेट स्टेजखाली.

बाहेरून नुसतं हसू ऐकू येत होतं.

"लागलं काय रे बाबू?"

"नाही, मॅडम."

"मंग निंघ बाहीर. फ्लेक्स फाटला, जागा झाली. आता पायऱ्या लाव."

टेम्पोत जास्तीचे ठोकळे होते. बरोबर मधोमध सहा पायऱ्या लावल्या, वर कार्पेट टाकलं. मॅडम एका हातात निऱ्या धरून, कोणाचाही हात न घेता वर गेल्या आणि माइकवर म्हणाल्या, "अर्धं भाषण त या डेकोरेशनवाल्यानं पडूनच केलं. उरलेलं ऐका."

पुढच्या वर्षीचं काम मलाच मिळालं. आता स्टेज उभा झाला की आधी मी झालर गुंडाळून चढतो. कामगार व्हिडिओ काढतात. काढू देत. उंची टेपनं कळते, चढ कळायला लुगडं लागतं.