घराचा विमा आणि गावाचा बांध

भरतीची वेळ झाली की मला अजूनही एका जागी बसवत नाही. भाजी चिरता चिरता उठते, मागच्या दारी जाऊन खाडी कुठवर आली ते बघते, परत येते, पुन्हा उठते. नवरा म्हणतो, नुसतं बघून पाणी थांबतं का? थांबत नाही, मलाही कळतं. पण जीव राहत नाही.

आमचं घर खाडीच्या अगदी अंगाला, पण तेव्हा बांधाच्या आत होतं. हा मातीचा बांध खारं पाणी अडवतो म्हणून गावात भात पिकतो. खेकडे त्याला भोकं पाडतात, म्हणून मोठ्या उधाणाआधी घरटी एकाने माती लिंपायला जायचं, ही गावाची रीत. नवरा उरणला कंटेनरच्या गोदामात कामाला. तिथल्या कुणाचं तरी ऐकून त्याने घराचा विमा काढला आणि बांधावर जाणंच सोडलं. बोलावणं आलं की म्हणायचा, आपला विमा आहे. जसा काही समुद्र आधी विचारून येणार होता! सासरे त्याच्याशी बोलेनासे झाले.

मग एका पावसाळ्यात बांध फुटला, तोही नेमका आमच्या मागे. स्वयंपाकघराची भिंत बसली आणि मागचं परसू माडांसकट खाडीत गेलं.

विमा कंपनीचा माणूस पाहणीला आला. स्वभावाने बरा होता. भिंतीचे, ओट्याचे, फुगलेल्या दारांचे फोटो काढले आणि याची भरपाई मिळेल म्हणाला. नवऱ्याने त्याला मागे नेऊन परसू होतं तिथलं पाणी दाखवलं. त्याने फोन खिशात ठेवला.

"विमा बांधकामाचा असतो," तो म्हणाला. "खालची जमीन त्यात धरत नाहीत."

नवऱ्याची जिरली म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. भिंत नवी मिळेल, पण ती उभी कशावर करायची?

त्यातच गावाची बैठक बसली. फुटल्या जागी खड्डा एवढा खोल पडला होता की तिथे माती ठरत नव्हती. बांध मागे घ्यायचा, आमच्या पुढच्या अंगणातून, असं ठरायला लागलं. म्हणजे घर बाहेर, खाडीच्या तोंडाशी. मी तावातावाने भांडले. आमचंच घर का, म्हणून सगळ्यांना विचारलं. शेवटी सासऱ्यांनीच मला थांबवलं.

"एका घरासाठी सगल्यांची शेतां बुडवायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने रजा टाकली आणि गाव जमायच्या आधीच तो अंगणात उतरला. मी उंबऱ्यात उभी होते. नव्या बांधाच्या मातीची पहिली पाटी त्यानेच टाकली, आमच्या दाराकडे पाठ करून.