अंगठ्याचं नख

जिंतूरच्या बसस्टँडसमोर चाव्या करून देणारा एक म्हातारा बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, पण उजव्या अंगठ्याचं ते वाढवलेलं नख अजून डोळ्यांपुढे आहे. छापताना चूक झालेल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असले व्हिडिओ बघून लोक त्याच्याकडे नाणी आणायचे. तो नाण्यावरच्या रेघेवरून नख फिरवायचा आणि सांगायचा, "टाकसाळीतल्या ठशाला तडा गेला, तर रेघ वर उठती. मागून कोनी कोरली, तर आत जाती."

तो ज्या दुकानाच्या सावलीत बसायचा, त्याचा मालकच एकदा विकायचं नाणं आणि गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाइकाला फक्त म्हाताऱ्याचा शब्द हवा होता. म्हाताऱ्यानं नख फिरवलं.

"आत जायलीय. कोरलेली हाय."

मालक भडकला. "नीट बघ. कोनाच्या सावलीत बसतूस, ध्यानात हाय ना?"

"सावली तुमची हाय, मालक. नख माझं हाय."

गिऱ्हाईक निघून गेलं. म्हाताऱ्यानं कानस आणि चाव्या पोत्यात भरल्या.

दुसऱ्या दिवशी तो रस्त्यापलीकडे भर उन्हात बसलेला दिसला. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, जरा पुढं लिंबाचं झाड आहे, तिथं बसा की."

"न्हाई," तो कानस चालवत म्हणाला. "हितून त्याचं दुकान सरळ दिसतंय. तिथून कोनी नाणं घेऊन निघालं, की मी हाक मारतो."